चुकीच्या गालावरचा तीळ

आमच्या वस्तादांनी सलून बंद केलं ते एका फुग्यामुळे.

एकोणचाळीस वर्षं चाललेलं सलून. दोन खुर्च्या, त्यांतली एक कायम नादुरुस्त. समोर भिंतभर आरसा. कोपऱ्यात एक रेडिओ, जो वस्ताद बोलायचे थांबले तरच लावायचा असा नियम होता, त्यामुळे तो जवळजवळ नवाच राहिला. वस्तादांची जीभ वस्तऱ्यापेक्षा जोरात चालायची आणि कापायचीही जास्त. मी तिथे तीस वर्षं गेलो. पहिली दहा वर्षं केस कापायला, पुढची वीस सवय म्हणून. माझ्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नाही, हे त्यांनी मला कधी जाणवू दिलं नाही. अर्धा तास कात्री हवेत चालवायचे आणि शेवटी मागे छोटा आरसा धरून विचारायचे, "मागून ठीक आहे ना?" मागे तर मोकळं मैदान होतं. मी म्हणायचो, "जरा दाट ठेवलेत, उकाड्याचे दिवस आहेत." ते म्हणायचे, "पुढच्या वेळी बघू."

मग एकदा त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट आपापसात काहीतरी वळायला लागले. गव्हाच्या पिठाची बारीक गोळी वळावी तसे. हातात काम नसलं की हा उद्योग सुरू, कात्री दिली की बंद. रिकामा असताना धडपड करायची आणि काम दिलं की शांत बसायचं, ही आपल्या सगळ्यांची सवय. त्यांच्या हातानेही तीच लावून घेतली होती. डॉक्टरांनी सांगितलं, पार्किन्सन. मेंदूतून हातापायांना जे निरोप जातात, ते वाटेत रेंगाळायला लागतात. गोळ्या आहेत, पण आजार हळूहळू पुढे जाणारच. वस्तादांनी ही बातमी घरात वहिनींना सांगितली आणि सलूनमध्ये कोणालाच नाही.

वस्तरा धरायला शिकणाऱ्या नवशिक्याला आधी फुगा देतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. फुगा फुगवायचा, त्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो फेस काढायचा. फुगा जिवंत राहिला तर माणसाच्या गालाजवळ जायची परवानगी. वयाच्या साठाव्या वर्षी वस्तादांनी स्वतःला परत पहिलीत घातलं. रोज सकाळी शटर अर्धं वर करून आत एक फुगा फुगवायचा, त्याची दाढी करायची, मग शटर पूर्ण उघडायचं. असं चौदा महिने चाललं. त्या चौदा महिन्यांत आम्ही त्यांच्या वस्तऱ्याखाली मान टाकून घोरत होतो, आणि आमच्यापैकी एकाच्याही गालावर साधा ओरखडा नाही.

एका बुधवारी फुगा फुटला. त्यांनी दुसरा घेतला. तोही फुटला. तिसरा त्यांनी घेतला नाही. वस्तरा धुतला, पुसला, मिटला, आणि बाहेर आले. बाकावर तिघे बसले होते, त्यात पहिला नंबर माझा.

"आज नाही?" मी विचारलं.

"आता नाही," वस्ताद म्हणाले आणि शटर ओढलं.

मी घरी येऊन बायकोला म्हटलं, वस्ताद आज तिरसट होते, आत फटाके काय फोडत होते कोण जाणे. खरी गोष्ट कळली तेव्हा मला माझ्या गालाची लाज वाटली.

सलूनच्या मागेच त्यांच्या तीन खोल्या. तिथे वस्ताद खिडकीशी बसायला लागले. या आजारात चेहऱ्याचे स्नायूही आळशी होतात. ज्या माणसाची एक भुवई वर गेली की आख्ख्या सलूनला कळायचं कोणाची खिल्ली उडणार आहे, त्याचा चेहरा आता इस्त्री केल्यासारखा सपाट. आवाज इतका बारीक, की कान जवळ न्यावा लागे. आणि उत्तर यायला वेळ. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. चाळीस सेकंद. ऐकायला थोडे वाटतात, पण कोणाला "चहा घेणार?" असं विचारून चाळीस सेकंद गप्प बसून बघा. आपण पाचव्या सेकंदाला म्हणतो, "नको असेल तर राहू दे," दहाव्याला "की सरबत?" आणि पंधराव्याला स्वयंपाकघरात निघून जातो. चाळिसाव्याला वस्ताद "हो" म्हणायचे, ते रिकाम्या खोलीला.

थांबायच्या त्या फक्त वहिनी. पदर खोचून समोर उभ्या राहायच्या आणि बस यायची वाट पाहावी तशा त्यांच्या ओठांकडे बघत राहायच्या.

त्यांनीच कुठून तरी शोध लावला की सरकारी दवाखान्याच्या व्यायामाच्या खोलीत दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता अशा आजाराच्या लोकांसाठी चित्रांचा वर्ग भरतो.

वस्ताद चाळीस सेकंदांनी म्हणाले, "मी काय बालवाडीत जाऊ?"

"जा की," वहिनी म्हणाल्या. "फुग्यांशी खेळून झालंच आहे."

सोबतीला मला घेतलं, कारण दाराशी आल्यावर वस्तादांचे पाय जमिनीला चिकटायचे. घरातल्या तिन्ही दारांचा त्यांनी हिशेब बसवला होता, कुठल्या पावलाला उंबरा येतो ते पाठ होतं. परक्या दारात मात्र पाय ऐकायचे नाहीत. तेव्हा कोणीतरी पुढे आपला पाय आडवा धरायचा, तो ओलांडायचा म्हटलं की यांचा पाय उचलला जायचा. माझ्या पायाचा समाजाला झालेला हा पहिला उपयोग.

वर्ग म्हणजे चार टेबलं जोडलेली, वर जुनी वर्तमानपत्रं, आणि एक पस्तिशीतली बाई, जिच्या कोपराला कायम कुठला ना कुठला रंग लागलेला असे. सगळे तिला रंगबाई म्हणत. तिने वस्तादांना पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, इथे चित्र चांगलं यावं अशी काही सक्ती नाही. या आजारात सगळं बारीक होत जातं. पाऊल बारीक, अक्षर बारीक, आवाज बारीक. म्हणून आपण इथे मोठं करायचं. मोठा कागद, मोठा हात."

मोठं करण्यात बाकीचे तरबेज झाले होते. एक निवृत्त कंडक्टर टेबलभर पसरलेल्या कागदावर नुसती वर्तुळं काढायचे, आणि एक वर्तुळ पूर्ण झालं की सवयीने "चला पुढे" म्हणायचे. एक हेडमास्तरीणबाई होत्या. स्वतःचं चित्र पाच मिनिटांत उरकून उरलेला वेळ लाल रंग घेऊन इतरांची चित्रं तपासायच्या. कंडक्टरांच्या वर्तुळांना त्या दहापैकी चारच्या वर कधी गेल्या नाहीत.

रंगबाईने वस्तादांच्या गळ्यात प्लास्टिकचं कापड बांधायला घेतलं. वस्तादांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं. मला वाटलं, संपलं, आता घरी. तर त्यांनी ते कापड दोन टोकांना धरून एकदाच झटकलं. असा आवाज झाला की सगळा वर्ग वळून बघायला लागला. आणि ते त्यांनी शेजारच्या कंडक्टरांच्या गळ्यात गुंडाळून, मागे गाठ मारून दिली. कंडक्टरांनी आपसूक मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

चित्राची गाडी मात्र अडली. रंगाचा बारीक ब्रश त्यांच्या बोटांतून सारखा निसटायचा. पहिल्या दिवशी अकरा वेळा पडला, दुसऱ्या दिवशी तो उचलायलाच ते वाकले नाहीत. तिसऱ्या वर्गाला त्यांनी खिशातून आपला दाढीचा ब्रश काढला. जाड मुठीचा, केस झिजून आखूड झालेले. एका वाटीत रंग घेतला, त्यात ब्रश गोल गोल फिरवायला लागले, आणि तो फिरवताना हात थरथरेना. एकोणचाळीस वर्षांची ती गोल गोल वाट त्या हाताला मेंदूला न विचारता येत होती.

"काय काढू?" हे त्यांच्या तोंडून येईपर्यंत रंगबाई थांबली होती. पूर्ण चाळीस सेकंद. तेव्हाच मी ओळखलं, ही बाई कामाची आहे.

"आयुष्यात सगळ्यात जास्त काय बघितलंत, ते काढा," ती म्हणाली.

कंडक्टरांनी रस्ता काढला असता. हेडमास्तरीणबाईंनी बहुधा चुका काढल्या असत्या. वस्तादांनी डोकी काढली. आम्हा गिऱ्हाइकांची डोकी, एका कागदावर एक. कोणी समोर बसवायची गरज नव्हती, सगळी पाठ होती. ब्रश कागदाजवळ नेऊन क्षणभर थांबला की थरथर परत यायची आणि कागदावर बारीक ठिपके उमटायचे. मग हात चालायला लागला की रेघ सलग. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक चित्रातल्या माणसाची दाढी दोन दिवसांची वाढलेली असे. पण माणूस तोच. पोस्टमन तर ठिपक्यांसकट पोस्टमनच. औषधाच्या दुकानदाराचं एका बाजूला झुकलेलं नाक तर इतकं झुकलेलं, की चित्र सरळ धरलं तरी आपणच मान वाकडी करतो.

चार महिन्यांत वस्तादांचं पाऊल थोडं लांब पडायला लागलं, ब्रश हातात असताना आवाज टेबलापलीकडे जायला लागला. आजार कुठे गेला नव्हता, गोळ्या वाढल्याच होत्या. पण मंगळवार आणि शुक्रवार हे दोन वार त्यांनी आजाराकडून परत मिळवले होते. सोमवारी ते स्वतःहून विचारायचे, "उद्या ना?"

आणि मग माझी जीभ आडवी आली.

त्यांनी मला माझं चित्र भेट दिलं. मी बघितलं. हुबेहूब मी. टकलावरची चमक, हनुवटीखालची दुसरी हनुवटी, गालावरचा तीळ. इतकं खरं की थोडा अपमानच वाटला. घरी नेऊन बायकोला दाखवलं.

ती म्हणाली, "छान आहे. पण तीळ चुकीच्या गालावर आहे."

"काहीतरीच."

"अहो, तुमचा तीळ डाव्या गालावर आहे. इथे उजव्या गालावर काढलाय. बत्तीस वर्षं बघतेय मी, मला नाही कळणार?"

मी चाचपून बघितलं. तीळ डाव्याच गालावर होता. चित्रात उजव्या. तरी मला ते चित्र बरोबरच वाटत होतं, पण बायकोपुढे आपल्याच चेहऱ्याबद्दल वाद घालायला धीर लागतो. मी हसलो, आणि दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात जाऊन तो किस्सा रंगवून सांगितला. "वस्तादांनी माझा तीळ पलीकडच्या गालावर बदली करून टाकला." दुकानदार हसला नाही. त्याने गल्ल्याखालून स्वतःचं चित्र बाहेर काढलं.

"मला तर माझं बरोबर वाटतंय," तो म्हणाला, "पण आमची ही म्हणते, नाक उलट्या बाजूला वाकवलंय."

तेवढ्यात पोस्टमन आला. त्याच्या चित्रात भांग डावीकडचा उजवीकडे गेला होता. त्यालाही चित्र बरोबर वाटत होतं. त्याच्या मुलीने चूक दाखवली होती. तीन चित्रं, तिन्हींत डावं-उजवं उलटं. दुकानदार आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या आत्याला शेवटी असंच व्हायला लागलं होतं. आधी डावं-उजवं गेलं, मग माणसं गेली. या आजारात होतं कधी कधी, हात जातो तसं डोकंही जातं."

बातमीला पाय फुटले. वहिनींना त्या चित्रांतली चूक आधीच दिसली होती. शेजारपाजारच्या माणसांचे चेहरे त्यांनाही माहीत होते. पण त्या भीतीने बोलल्या नव्हत्या. आता गल्लीच बोलायला लागली म्हटल्यावर त्यांनी मुलाला फोन केला.

चिरंजीव दूरच्या मोठ्या शहरात, सातव्या मजल्यावर राहतो. मुलगा चांगला, काळजी करणारा, फक्त काळजी नेहमी घाईत करणारा. तो आला, बाबांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. उत्तरं बरोबर आली, पण एकेक अशी सावकाश, की बाहेरच्या रांगेतला माणूस दोनदा दार उघडून बघून गेला. चित्रांबद्दल डॉक्टर म्हणाले की यावरून एवढ्यात काही सांगता येणार नाही, अजून तपासण्या करू, लक्ष ठेवा.

"लक्ष ठेवा" हे दोन शब्द चिरंजीवाने धरले. आई एकटी कसं लक्ष ठेवणार? बाबा एक दिवस चहा ठेवायला गॅस लावतील आणि विसरतील. उद्या दार ओळखणार नाहीत. दोघांनी आपल्याकडे यायचं, तिकडे दिवसभराची बाई ठेवू, खोल्या भाड्याने देऊ. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने निघायचं ठरलं. ठरलं म्हणजे त्याने ठरवलं.

मी गुरुवारी गेलो, तेव्हा वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या आणि वस्ताद खिडकीशी होते. हात रिकामा होता, त्यामुळे जोरात गोळ्या वळत होता.

"तुम्हाला जायचंय का, वस्ताद?" मी विचारलं, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे लगेच पुढे म्हणालो, "तिकडे लिफ्ट आहे म्हणे."

वहिनी घडी घालता घालता म्हणाल्या, "लिफ्टचं दार, घराचं दार, खोलीचं दार, बाथरूमचं दार. सगळी नवी. इथली तीन दारं यांच्या पायांना पाठ आहेत, भावोजी. तिकडे हे खुर्चीतून उठायचे नाहीत. आणि तो वर्ग गेला, की मग..." एक सदरा त्यांनी तिसऱ्यांदा घडी केला.

मी दाराबाहेर पडलो, तेव्हा मागून बारीक आवाजात काहीतरी आलं. वस्तादांचं उत्तर असणार. मी परत गेलो नाही. तसं जमलं नाही म्हणा.

शुक्रवारी सकाळी मी दाढीला बसलो. सलून बंद झाल्यापासून माझी दाढी मीच करतो, आणि ती तशी दिसते. बायकोने माझं ते चित्र आरशाशेजारी चिकटवून ठेवलं होतं, खाली लिहिलं होतं, "असं दिसू नका." मी डाव्या गालाचा फेस काढला, वस्तरा धुतला, वर बघितलं. आरशात तीळ. शेजारी चित्रात तीळ. दोन्ही तीळ एकाच बाजूला.

मी बायकोला हाक मारली. ती ओल्या हातांनी आली.

"हे बघ," मी म्हटलं, "चित्रातला तीळ बरोबर आहे."

"अहो, तो आरसा आहे. आरशात उलटंच दिसतं," ती म्हणाली. आणि मग तीच थांबली. चित्राकडे बघितलं, आरशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "वस्ताद तुमच्याशी बोलायचे तेव्हा कुठे उभे असायचे हो?"

"माझ्या मागे."

"आणि बघायचे कुठे?"

तीस वर्षं मी त्या खुर्चीत बसलो होतो. एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही, की या माणसाशी माझी सगळी बोलणी आरशात झाली. तो मागे उभा, मी पुढे तोंड करून, आणि दोघेही आरशातल्या एकमेकांकडे बघतोय. दोन्ही कल्ले सारखे झाले का ते आरशात बघायचं, गाल पुसून झाल्यावर चेहरा आरशात बघायचा. आम्ही सगळी गिऱ्हाइकं आपापल्या चित्रांना बरोबर म्हणत होतो, कारण आम्हीही स्वतःला आरशातच ओळखतो. चूक दिसली ती आम्हाला समोरून बघणाऱ्यांना, बायकांना आणि मुलींना.

अकराला दहा कमी होते. मी तसाच निघालो. दवाखान्याच्या दारात पहारेकऱ्याने माझ्या उजव्या गालावरचा फेस बघून मला त्वचेच्या डॉक्टरांची खोली दाखवली.

वर्गात चिरंजीव वस्तादांची चित्रं गोळा करून पिशवीत भरत होता. वहिनी शेजारी उभ्या. वस्ताद टेबलाशी बसलेले, समोर कागद नाही. मी धापा टाकत सगळं सांगितलं. कंडक्टर लगेच म्हणाले, "बरोबर आहे, आमचा ड्रायव्हर आख्खी बस आरशातच बघायचा." चिरंजीवाने मात्र शांतपणे ऐकून घेतलं.

"काका," तो म्हणाला, "तुम्हाला बाबांबद्दल माया आहे म्हणून तुम्ही हे शोधून काढलंत. पण बाबांच्या डोक्यात काय चाललंय ते तुम्हाला कसं कळणार?"

रंगबाई बाटल्या पुसत होती. ती वर न बघता म्हणाली, "हे सोबत येणारे सोडले तर मी या माणसांना कधी पाहिलेलं नाही, आणि यांचा तीळ काही मी निरखला नाही, त्यामुळे मला चूक दिसली नाही. पण काकांना विचारलं का कोणी?"

डॉक्टरांना विचारलं होतं, औषधवाल्याला विचारलं होतं, त्याच्या वारलेल्या आत्यालाही साक्षीला काढलं होतं. वस्तादांना कोणी विचारलं नव्हतं.

चिरंजीव बाबांसमोर वाकला. "बाबा, काकांचा तीळ कुठल्या गालावर आहे?" आणि लगेच, "म्हणजे आठवत नसेल तर..."

वहिनींनी त्याचं मनगट धरलं. "थांब."

आम्ही थांबलो. हेडमास्तरीणबाईंनी लाल ब्रश खाली ठेवला. कुठेतरी नळ ठिबकत होता. चिरंजीवाचं तोंड दोनदा उघडलं आणि वहिनींनी दोनदा मनगट दाबलं. वस्तादांचे ओठ हलले.

"डाव्या."

"मग चित्रात उजव्या का?"

परत तेवढीच वाट.

"खुर्चीत बसले, की असेच दिसतात." श्वास घेतला. "समोरून बघायला... हे थांबलेत कधी? काम झालं की पळतात."

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने मी, कारण गुरुवार मला आठवत होता.

चिरंजीव हसला नाही. सातव्या मजल्यावरचा माणूस, त्याला पुरावा लागतो. तो म्हणाला, "बाबा, आईचं काढाल?"

मला आधी कळलं नाही त्याला काय हवंय. मग कळलं. वहिनींनी एकोणचाळीस वर्षांत सलूनमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. पुरुष गळ्यापर्यंत कापड गुंडाळून फेस लावून बसलेले असतात, तिथे त्यांना संकोच वाटे. जेवणाचा डबा मागच्या दारातून द्यायच्या. आणि दिवसभर आरसा बघून वस्तादांना त्याचा इतका वीट यायचा, की घरात त्यांनी तळहाताएवढा आरसा ठेवला होता. वहिनींच्या उजव्या भुवईतून एक जुनी खूण जाते, लहानपणी कपाटाचं दार लागल्याची. ती खूण वस्तादांनी पाहिली असेल ती समोरूनच.

त्यांनी वाटीत तपकिरी रंग घेतला. ब्रश गोल गोल फिरवला. वहिनी म्हणाल्या, "मी समोर बसू का?"

"नको," वस्ताद म्हणाले. हे लवकर आलं.

पाऊण तास लागला. कोणी घरी गेलं नाही. मी कोणाच्या तरी पाण्याने फेस पुसला; नंतर कळलं ते रंगाचं पाणी होतं. कपाळ आलं, केसांची कड आली, डोळे आले. भुवयांशी ब्रश थांबला, चार ठिपके पडले, आणि मग त्यांनी एका भुवईत मध्येच रेघेएवढी जागा कोरी सोडली.

चिरंजीव आईच्या शेजारी जाऊन उभा राहिला. आईकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. उजवी भुवई ती उजवीच होती.

"मला दाढी काढलीत," वहिनी ठिपक्यांकडे बघत म्हणाल्या. वस्तादांचा चेहरा तसाच सपाट, पण खांदे हलत होते, आणि ते आजाराने नव्हे.

"मेंदू शाबूत आहे हे सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही," रंगबाई चिरंजीवाला म्हणाली. "तपासण्या करून घ्या. पण या चित्रांमुळे घर हलवत असाल, तर चित्रांत चूक नाही."

चिरंजीव बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा त्याने पिशवीतली चित्रं एकेक करून टेबलावर ठेवली. माफी वगैरे त्याने मागितली नाही, आमच्याकडे मुलगे ती मागत नाहीत. त्याने वस्तादांसमोरची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि बसला.

"माझं पण काढा," तो म्हणाला आणि, शपथेवर सांगतो, गप्प थांबला.

संध्याकाळच्या गाडीने तो एकटा गेला. तपासण्या पुढच्या महिन्यात झाल्या. डॉक्टर म्हणाले, सध्या काळजीचं काही दिसत नाही, वर्ग सोडू नका. वस्ताद सोडणार नव्हतेच. आता त्यांच्याकडे बायका येतात आणि नवऱ्यांची चित्रं समोरून दिसतात तशी काढून मागतात. वस्ताद नाही म्हणतात. ज्याने जसं बघितलं तसं काढावं, असं त्यांचं मत आहे. हे मत ऐकायला दीड मिनिट लागतं.

मुलाचं चित्र मात्र अजून पूर्ण व्हायचं आहे. पाठ असलेलं डोकं त्यांचं एका बैठकीत होतं, वहिनींचं पाऊण तासात झालं, पण या चित्रात एका बैठकीत एक कान होतो. पुढच्या बैठकीत तो पसंत पडत नाही, परत काढावा लागतो. बैठकीला मुलगा समोर पाहिजे, आठवणीतून जमत नाही, असं वस्तादांचं म्हणणं. म्हणून चिरंजीव दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी सातव्या मजल्यावरून उतरून येतो आणि दोन तास फोन बंद करून त्या खुर्चीत बसतो. आठ महिने झाले. कपाळ आणि दीड कान झालाय.

वहिनींना संशय आहे, की हे मुद्दाम हळू काढतात.

"विचारून बघा की," मी म्हटलं.

"विचारलं परवा," वहिनी म्हणाल्या. "दोन मिनिटं समोर उभी राहिले. मग हेच ब्रश धुवायला निघून गेले."